हा नंबर छापायचा नाही

आत्यानं मशीन थांबवायला लावलं तेव्हा पोस्टरचे चारशे कागद बाहेर पडले होते आणि त्यांच्यावरची शाई अजून ओली होती.

"बापू, बंद कर."

बापूला वाटलं, रंग हलला असेल. त्यानं बटण दाबलं, वरचा कागद दोन्ही हातांनी उचलला आणि खिडकीच्या उजेडात धरून डोळे बारीक केले. या मशीनवर त्याची तीस वर्षं गेली होती. रंग केसभर सरकला तरी त्याला झोपेत कळलं असतं.

"रंग बरोबर बसलाय, ताई."

"रंग बसलाय. फोन लागत नाही."

पोस्टरवर एक हसरा मुलगा आणि एक हसरी मुलगी हातात हात घालून उभी होती. त्यांच्या डोक्यावर लिहिलं होतं, 'व्यसनाला नाही म्हणा!' पायाशी, वीतभर उंचीच्या आकड्यांत मदतीचा नंबर होता. त्याखाली एक ओळ: 'एक फोन करा. आम्ही ऐकतोय.'

छापखान्यात आत्याच्या वडिलांच्या वेळेपासून एक शिस्त होती. छापायला आलेला कुठलाही नंबर आधी लावून बघायचा. फार पूर्वी एका डॉक्टरांच्या कार्डावर एक आकडा चुकला होता आणि दोन वर्षं शहरातले लोक एका लाँड्रीवाल्याला आपली पोटदुखी सांगत होते. लाँड्रीवाला भला माणूस. तो म्हणे सगळ्यांना ताक प्यायला सांगायचा. वडिलांनी ती गोष्ट जन्मभर हसत सांगितली, पण त्यानंतर एकही नंबर न लावता छापला नाही. ते गेल्यावर हे काम प्रूफ बघणाऱ्या आत्याकडे आलं. ती घरातल्यांची आत्या होतीच, पण पुढे कामगारांची, गिऱ्हाइकांची आणि कागद पोचवणाऱ्या टेम्पोवाल्याचीही झाली.

त्या शनिवारी सकाळी ती डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेली होती आणि तेवढ्यात तिच्या थोरल्या भावाच्या, दादाच्या मुलानं, ज्याला सगळे लहानपणापासून शेठ म्हणत, स्वतःच प्रूफवर सही ठोकून काम मशीनवर चढवलं होतं. ती परत आली, टेबलावर कागद बघितला, सवयीनं नंबर फिरवला.

'आपण डायल केलेल्या क्रमांकाची सेवा बंद करण्यात आली आहे.'

तिनं मंजूर मजकुराशी आकडे ताडून बघितले. एकही चूक नव्हती. तिनं पुन्हा लावला, मग तिसऱ्यांदा. तिन्ही वेळा तीच बाई त्याच गोड आवाजात तेच बोलली.

मग आत्यानं पोस्टरचं काम देणाऱ्या सरकारी कार्यालयात फोन केला. बऱ्याच वेळानं अधिकारी स्वतः लाइनवर आला.

"बाई, मजकूर मंजूर आहे. तुम्हाला अडचण काय आहे?"

"मजकुरात नाही. तुमचा फोन बंद आहे."

"हो, आहे. फोनवर बसणाऱ्या समुपदेशकांची तरतूद संपली. सहा जणी होत्या, त्यांना थांबवलंय. पुढची मंजुरी आली की बघू."

"कधी येईल?"

"ते वर ठरतं."

"मग पोस्टर आत्ता कशाला?"

"प्रसिद्धीची तरतूद वेगळी असते बाई. ती या महिन्यात खर्च झाली नाही तर परत जाते. सोमवारी मंत्रीसाहेबांच्या हस्ते मोहिमेचं उद्घाटन आहे."

आत्यानं पोस्टरचा कागद पुन्हा डोळ्यांसमोर धरला. "म्हणजे, फोन घ्यायला माणूस नाही, पण फोन करा म्हणून सांगायला पंधरा हजार पोस्टर आहेत?"

"तुम्ही छापखान्यातल्या ना?" अधिकारी म्हणाला. "मग छापा."

आत्या तशीच जिना उतरून खाली आली होती आणि तिनं मशीन थांबवायला लावलं होतं.

मशीनचा आवाज बंद झाला की वर राहणाऱ्यांना लगेच कळायचं. आधी दादा उतरला, चष्मा कपाळावर, हातात अर्धा वाचलेला पेपर. त्याच्यामागे वहिनी. कटिंग मशीनजवळ बंडल बांधण्याचं सामान मोजणारा शेठ तिथूनच ओरडला, "काय झालं?"

आत्यानं सांगितलं. तिला वाटलं होतं की ऐकल्यावर सगळ्यांच्याच डोक्यात तिडीक जाईल. तसं काही झालं नाही. दादानं पेपरची घडी घातली.

"बरं. मग?"

"मग म्हणजे काय? नंबर बंद आहे."

"नंबर त्यांचा आहे. मजकूर त्यांचा आहे. आपण बोट घालणारे कोण?"

"बाबांनी लाँड्रीवाल्यापायी अख्खी कार्डं जाळली होती, दादा."

"ती आपली चूक होती. ही आपली नाही."

शेठ पुढे आला. त्याची काही वाईट इच्छा नव्हती, हे आत्यालाही माहीत होतं. दोन वर्षं खेटे घालून त्यानं सरकारी कामांच्या यादीत छापखान्याचं नाव लावलं होतं. गेल्या पावसाळ्यात कामगार कमी करायची वेळ आली, तेव्हा याच कामानं ती टळली होती.

"आत्या, तू म्हणतेस ते खरं आहे. पण उद्या आपण नाही म्हटलं तर ते दुसरीकडे जातील. पोस्टर लागायची ती लागणारच. फक्त आपण यादीतून बाहेर."

"लागू देत. पण ते माझ्या हातून नको जायला."

"तुझ्या हातून गेलंच नाहीये. सही माझी आहे."

"कुणाच्या परवानगीनं केलीस?"

"अगं, भांडताय काय," वहिनी मध्ये पडली. "वन्सं, छापून टाकायचं आणि मोकळं व्हायचं. सरकारी फोन आज बंद असतात, उद्या सुरू होतात."

आत्या बापूकडे वळली. तिला खात्री होती. बापू तिचा धाकटा भाऊ, अबोल, आणि त्याच्या घरात तर ही आग प्रत्यक्ष लागलेली. त्याची मुलगी चिमणी, एकोणीस वर्षांची. आई गेल्यापासून आत्याच्याच हाताखाली वाढलेली. वसतिगृहात राहायला गेली आणि परीक्षेच्या दिवसांत झोपेच्या गोळ्यांवर लागली. मग गोळ्यांबरोबर आणखी काय काय. सात महिन्यांपूर्वी ती घरी परतली तेव्हा तिचा हात पाण्याच्या भांड्यावर ठरत नव्हता. शहरातल्या एकुलत्या सरकारी उपचार केंद्रात चाळीस खाटा होत्या आणि चिमणीचा नंबर यादीत एकशे त्रेचाळिसावा होता. तोवर दर आठवड्याला बाहेरच्या बाहेर औषध घ्यायचं आणि दिवस ढकलायचे. शेजारीपाजारी, गिऱ्हाइकं, सगळ्यांना घरानं एकच सांगितलं होतं: पोरीला कावीळ झाली होती, अशक्तपणा आहे.

"बापू, तू तरी बोल."

बापू हातातल्या फडक्यानं बोटांची शाई पुसत होता. बोटं कधीच स्वच्छ झाली होती, तरी पुसत होता.

"छापू दे, ताई," तो म्हणाला.

"काय?"

"छापू दे ना. काय बिघडतं?" त्याचा आवाज चढला. "साहेबांनी शेठला शब्द दिलाय. हे काम वेळेवर झालं की चिमणीचं ते बघणार आहेत. दोन आठवड्यांत खाट मिळेल."

आत्यानं शेठकडे बघितलं. शेठनं मान खाली घातली. मग दादाकडे बघितलं. त्यालाही माहीत होतं. वहिनीलाही. सगळ्या घराला माहीत होतं आणि तिला एकटीला कुणी सांगितलं नव्हतं, कारण ती काय म्हणेल हेही सगळ्यांना माहीत होतं.

"म्हणजे एकशे बेचाळीस पोरांना मागे टाकून," ती म्हणाली.

"मला त्या एकशे बेचाळीस पोरांचं सांगू नकोस!" बापू आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर ओरडला. "त्यांना त्यांचे बाप आहेत. मला एकच पोरगी आहे. ती रात्रभर कूस बदलते ते भिंतीपलीकडून मी ऐकतो. तू नियम सांभाळ. मला माझी पोर सांभाळू दे."

आत्याला राग आला, पण तो बापूवर धरायचा कसा? त्या गोड बोलणाऱ्या कार्यालयानं एका बापाला अशा जागी आणून उभं केलं होतं, की आपल्या पोरीसाठी त्याला दुसऱ्यांच्या पोरांना फसवणारा कागद छापावा लागत होता. आणि तो कागद तो आनंदानं छापायला तयार होता.

"हा नंबर चालू नाही?"

आवाज जिन्यावरून आला. चिमणी तिसऱ्या पायरीवर उभी होती, आत्याचा जुना स्वेटर अंगात, बाह्या बोटांपर्यंत ओढलेल्या. मशीन थांबल्याचं तिलाही ऐकू गेलं होतं.

"तू वर जा," दादा म्हणाला.

ती खाली आली. ढिगावरचा ओला कागद तिनं उचलला नाही, नुसती वाकून आकडे वाचत राहिली. ओठ हलत होते. मग म्हणाली, "हाच आहे. मला पाठ आहे."

"तुला कसा पाठ?" वहिनीनं विचारलं.

"मी केलाय ना फोन. अकरा वेळा."

दादानं कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला.

"वसतिगृहातून केला. मग घरी आल्यावर. दर वेळी वेगळी बाई असायची, पण एकीचा आवाज मी ओळखायचे. तिला सर्दी असायची सारखी." चिमणी किंचित हसली. "ज्या पहाटे मी आत्याचं दार वाजवलं ना, त्या पहाटे मी गच्चीवर बसले होते. कठड्यावर. हातात गोळ्या होत्या. सगळ्या. त्या बाईनं विचारलं, आत्ता कशावर बसली आहेस? मी सांगितलं. ती म्हणाली, आधी खाली उतर आणि जमिनीवर बस, मग बोलू. मी बसले. मग तिनं विचारलं, घरात असं कोण आहे जे तुला बघून आधी ओरडणार नाही? मी म्हटलं, आत्या. ती म्हणाली, मग फोन चालू ठेव, जिना उतर आणि आत्याचं दार वाजव. दार उघडल्याचा आवाज मला ऐकव, मग मी फोन ठेवते."

आत्याला ती पहाट लख्ख आठवत होती. दारात थरथरणारी पोर, पायात चप्पल नाही, कानाशी धरलेला फोन. तिला वाटलं होतं, कुठल्याशा मैत्रिणीशी बोलत असेल. पोरीनं आपण होऊन आपलं दार निवडलं याचा तिला सात महिने मनातून केवढा अभिमान होता. ते दार दाखवलं होतं एका सर्दी झालेल्या बाईनं. आणि तिलाच, त्या सहा जणींतल्या एकीला, 'तरतूद संपली' म्हणून घरी बसवलं होतं.

"मला खाट हवीय, बाबा," चिमणी बापूला म्हणाली. "खोटं कशाला बोलू? मला आजच्या आज हवीय. पण हे नका छापू. कुणीतरी कठड्यावर बसून हा नंबर लावेल आणि त्याला ती टेपवाली बाई ऐकू येईल."

बापूनं हातातलं फडकं खांद्यावर टाकलं. मग मशीनकडे गेला, झाकण उघडलं, एकेक करून छपाईच्या पत्र्याच्या चारही प्लेट सोडवल्या आणि भिंतीशी टेकवून ठेवल्या. शेवटची ठेवताना पत्रा भिंतीवर खणकन वाजला.

"बापू, चढव त्या," दादा म्हणाला.

"तू चढव. तुला येत असतील तर."

दादाला येत नव्हत्या. त्यानं जन्मभर छापखान्याचं पुढचं ऑफिस सांभाळलं होतं. त्याचा चेहरा लालबुंद झाला, पण तो एवढंच म्हणाला, "शेठ, फाइल घे. दुसरीकडे सोय बघ. वेळेवर गेलं पाहिजे." मग तो जिना चढून गेला. वहिनी त्याच्यामागे. शेठनं फाइल काखेत मारली. दारात थांबून तो आत्याला म्हणाला, "तुम्ही दोघांनी मिळून तिची खाट घालवलीत, एवढं लक्षात ठेव," आणि गाडीला किक मारून निघून गेला.

सोमवारी सकाळी पोस्टर लागली. बसथांब्यावर लागली, शाळेच्या भिंतीवर लागली, औषधांच्या दुकानाच्या काचेवर लागली. छापखान्यासमोरच्या विजेच्या खांबावरही एक होतं. हसरा मुलगा, हसरी मुलगी, एक फोन करा, आम्ही ऐकतोय. रंग केसभर सरकलेला होता. बापूनं ते एकदाच बघितलं आणि रस्त्याकडे पाठ करून काम करत राहिला.

दहाच्या सुमाराला दादा बाहेरचे कपडे घालून खाली आला. रविवारभर तो कुणाशी बोलला नव्हता.

"चल," तो आत्याला म्हणाला.

"कुठे?"

"कार्यालयात. साहेबांनी बोलावलंय. तू फोनवर काय बोललीस त्याबद्दल त्यांना वाईट वाटलंय म्हणे. दोन शब्द माफीचे बोल, विषय संपव. छापखान्याचं जाऊ दे, पोरीचं तरी सांभाळू."

"मी माफी मागणार नाही."

"मग मी मागतो. तू नुसती शेजारी उभी राहा. तेवढं करशील?"

आत्या गेली. चिमणीचं नाव निघाल्यावर तिला नाही म्हणवेना, आणि त्याचीच तिला सगळ्यात जास्त चीड येत होती.

कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर एक लांब बोळ होता आणि बोळात एकच बाकडं. बाकड्यावर आणि बाकड्याभोवती दहाबारा माणसं होती. कुणाच्या हातात फाइल, कुणाच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद. एका बाईशेजारी तिचा मुलगा बसला होता, सतरा-अठराचा, गुडघा सारखा हलवत. बाई त्याच्या गुडघ्यावर हात ठेवायची, तो थांबायचा, हात काढला की पुन्हा हलवायचा. आत्यानं हलणारा गुडघा ओळखला. घरी रोज बघत होती.

शिपायानं दोघांना आत सोडलं. दार पूर्ण लागत नसावं, कारण त्यानं ते दोनदा ओढलं आणि तसंच सोडून दिलं. अधिकारी चाळिशीचा, नीटनेटका, आवाजानं मऊ. त्याच्या खुर्चीमागे उरलेल्या पोस्टरचे गठ्ठे छताला भिडले होते.

"बसा, बसा. चहा घेणार?"

"नको," दादा म्हणाला. "आमच्याकडून जरा गैरसमज झाला, साहेब. माझी बहीण जुन्या शिस्तीची आहे. मनात काही नसतं."

"छे, छे. शिस्त चांगलीच." अधिकारी आत्याकडे बघून हसला. "पण बाई, प्रत्येक गोष्टीत भावनेनं चालत नाही. मोहिमेला चेहरा लागतो. फोन काय, आज ना उद्या सुरू होईल."

"आणि तोवर कुणी केला तर?" आत्यानं विचारलं.

"तोवर जनजागृती होईल ना."

दादानं तिच्या पायावर पाय ठेवला.

"तुमच्या पुतणीचं माझ्या लक्षात आहे," अधिकारी दादाला म्हणाला. "मुलानं सगळं सांगितलंय मला. करू आपण काहीतरी. फक्त एक सुचवतो, राग मानू नका. घरातच असं प्रकरण असताना बाहेर फार आवाज करू नये. मुलीची जात. उद्या तिचं लग्न करायचंय. चार लोकांत बोभाटा झाला तर तुमच्याच घराची शोभा. अशा घरानं सांभाळून राहिलेलं बरं."

आत्याचा तिळपापड झाला. पण ती बोलायच्या आत तिला शेजारी दादाचा श्वास ऐकू आला. दादा चिडला की आरडाओरडा करायचा; छापखान्यात त्याला कुणी भ्यायचं नाही. पण वडील खरे चिडायचे तेव्हा त्यांचा आवाज खाली जायचा. दादाला तसं बोलताना तिनं कधीच ऐकलं नव्हतं.

"अशा घरानं म्हणजे कशा?" दादानं हळू विचारलं.

"तसं नाही हो, म्हणजे..."

"नाही, सांगा ना. कशा घरानं?"

अधिकाऱ्यानं हात पसरले. "तुम्ही समजदार आहात."

दादा उठला. आत्याला वाटलं, निघाला. तो दाराशी गेला, ते अर्धवट लागलेलं दार त्यानं पूर्ण उघडलं आणि उंबरठ्यावर उभा राहिला. अर्धा आत, अर्धा बाहेर.

"माझी पुतणी आहे," तो बोळाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. "एकोणीस वर्षांची. तिला कावीळ झालेली नाही. तिला गोळ्यांचं व्यसन आहे. यादीत एकशे त्रेचाळिसावी आहे. सात महिने आम्ही घरात बसवून ठेवलीय आणि शेजाऱ्यांना थापा मारतोय." तो अधिकाऱ्याकडे वळला. "झालं. आता तुमच्याकडे सांगण्यासारखं काही उरलं नाही. आता फोनचं बोला."

बोळातल्या त्या मुलाचा गुडघा थांबला होता.

"अहो, दार लावा," अधिकारी म्हणाला.

"लागत नाही ते. फोन का बंद आहे आणि कधी सुरू होणार, हे मला लेखी द्या."

"लेखी असं देता येत नाही. अर्ज करा, नियमानुसार..."

"कागद आहे?" दादानं आत्याला विचारलं.

आत्याच्या पिशवीत प्रूफांचे पाठकोरे कागद कायम असायचे. तिनं एक काढून दिला. दादानं तिथेच साहेबांच्या टेबलावर वाकून अर्ज लिहिला, शिपायाकडून त्यावर शिक्का मारून घेतला आणि बाहेर बोळात जाऊन उभा राहिला. बाकड्यावर जागा नव्हती. ती बाई मुलासकट थोडी सरकली. दादा बसला.

"किती दिवस झाले तुम्हाला?" त्यानं विचारलं.

"आठ महिने येतेय," ती म्हणाली. "फोनवरच्या बाईंनी नाव नोंदवायला सांगितलं होतं. आता त्या बाईच उचलत नाहीत."

संध्याकाळी कार्यालय बंद व्हायला दहा मिनिटं असताना लेखी उत्तर आलं. तीन ओळी. 'तरतूदीअभावी सदर सेवा तातपुरती स्थगित करणेत आली असून प्रसिद्धी मोहिम नियमानूसार सुरु आहे.' खाली सही, शिक्का, तारीख.

दादानं ते घरी आणून बापूच्या हातात ठेवलं. "हे छाप. त्याच मापात. आकडे जेवढे मोठे होते तेवढी मोठी अक्षरं."

बापूनं पत्र वाचलं. "आणि चिमणीचं?"

"माहीत नाही रे," दादा म्हणाला. हे मात्र तो नेहमीच्या आवाजात बोलला. "बहुतेक मी घालवलं."

आत्या लाल पेन घेऊन पत्र बघत होती. "तीन ओळींत पाच चुका आहेत. 'तात्पुरती' सुद्धा धड लिहिता येत नाही."

"तशाच ठेव. त्यांच्या आहेत त्या."

दोन दिवसांत शहरातल्या जवळपास प्रत्येक पोस्टरशेजारी ते पत्र लागलं. लावायला बापू गेला, कामगार गेले आणि स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत सारून चिमणीही गेली. शेठ आठवडाभर घरात जेवायला बसला नाही. सरकारी यादीतून छापखान्याचं नाव कमी झाल्याचं पत्र आलं तेव्हा त्यानं ते आत्याच्या टेबलावर आपटलं आणि म्हणाला, "खूश?" आत्या खूश नव्हती. एका कामगाराला त्या महिन्यात दुसरीकडे जावं लागलं आणि तो जाताना तिच्या पाया पडला, ते तिला फार लागलं.

दादा मात्र रोज दहा वाजता बोळात जाऊन बसायचा. पहिले दोन दिवस वहिनी धुसफुसली. तिसऱ्या दिवशी तिनं डबा भरला आणि त्यासोबत एक उशी दिली, बाकडं कडक असेल म्हणून. पाचव्या दिवशी डबा घेऊन शेठ आला. तो बापाशेजारी बसला नाही, भिंतीला टेकून उभा राहिला. पण लगेच गेलाही नाही. त्या बाईच्या मुलाशी काहीतरी बोलत होता. दहाव्या दिवशी बोळात तीस माणसं होती. कुणीतरी वर्तमानपत्रात पत्राचा फोटो छापला, चुकांसकट. सभागृहात कुणीतरी प्रश्न विचारला. अठराव्या दिवशी फोन सुरू झाला: सहांऐवजी तीन समुपदेशक, तेही सकाळी आठ ते रात्री आठ. पहाटे कठड्यावर बसणाऱ्यांनी काय करायचं, हे कुणी सांगितलं नाही.

एकविसाव्या दिवशी आत्या दादाबरोबर बोळात होती. चिमणीही आली होती, बापूही. दुपारी अधिकारी स्वतः बाहेर आला. आवाज तसाच मऊ.

"तुमच्या पुतणीचं काम झालं," तो दादाला म्हणाला. "उद्या सकाळी केंद्रात दाखल करा. आता तरी उठा."

बापूचा हात चिमणीच्या खांद्यावर घट्ट झाला. दादानं अधिकाऱ्याच्या हातातलं पत्र घेतलं, शांतपणे वाचलं आणि विचारलं, "ही तिची पाळी आली म्हणून, की मी बसलोय म्हणून?"

अधिकाऱ्यानं घड्याळाकडे बघितलं.

दादानं शेजारी बघितलं. बाई, तिच्या हातातली प्लास्टिकची पिशवी, मुलाचा हलणारा गुडघा. "तुमचा नंबर कितवा?"

"एकशे सात," ती म्हणाली.

दादानं चिमणीकडे बघितलं. ती पांढरीफटक पडली होती. चिमणीनं आधी बापूकडे बघितलं, मग पत्राकडे. शेवटी तिनं अगदी थोडी होकारार्थी मान हलवली.

दादानं पत्र परत केलं.

"एकशे सातपर्यंत या आधी," तो म्हणाला. "मग आमच्याकडे. आम्ही इथेच आहोत."

चिमणी त्याच्याशेजारी बाकड्यावर बसली. तिचे दोन्ही गुडघे हलत होते. वहिनीची उशी आत्यानं तिच्या पाठीशी सरकवली आणि स्वतः भिंतीशी जमिनीवर बसली.